दंतशिक्षणातील मानवाकृती रुग्ण-रोबो : मराठवाड्यातील खुर्चीशेजारून एक परीक्षण

बी.डी.एस.चा, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीचा, विद्यार्थी दुसऱ्या वर्षी फँटम हेडवर दात कोरायला शिकतो आणि तिसऱ्या वर्षी त्याच्यासमोर खुर्चीत जिवंत माणूस येऊन बसतो. या दोहोंच्या मध्ये आपल्याकडे पायरीच नाही. फँटम हेड म्हणजे लोखंडी दांड्यावर बसवलेले डोके, त्यात प्लॅस्टिकच्या दातांचा टायपोडोंट आणि वरून रबरी गाल. हे डोके लाळ गिळत नाही, खोकत नाही, मान वळवत नाही आणि एअरोटर, म्हणजे दात कोरण्याचे वेगवान यंत्र, दाढेत कितीही खोल गेला तरी तक्रार करत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेली ही कल्पना आजही जगभर टिकून आहे, कारण हाताला वळण लावण्यासाठी तिच्याइतके स्वस्त आणि टिकाऊ साधन दुसरे नाही. तिची मर्यादाही तितकीच जुनी आहे. मानवाकृती रुग्ण-रोबो नेमकी ही मधली पायरी पुरवतो असा त्याच्या विक्रेत्यांचा दावा असतो. मराठवाड्यातील एका दंत महाविद्यालयात गेल्या हिवाळ्यात असे एक यंत्र प्रात्यक्षिकासाठी आणले होते. मी तेथे अधूनमधून शिकवतो आणि एरवी लातूरला स्वतःचा दवाखाना चालवतो. त्यामुळे ते जवळून हाताळण्याची आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे विद्यार्थी त्यावर काम करताना बाजूला उभे राहून पाहण्याची संधी मला मिळाली.

या यंत्रांचा उगम जपानमधला आहे. निप्पॉन डेंटल युनिव्हर्सिटी आणि कोकोरो ही रोबो बनवणारी कंपनी यांनी घडवलेला ‘सिमरॉइड’ २००७ साली टोकियोच्या आंतरराष्ट्रीय रोबो प्रदर्शनात लोकांसमोर आला. तोंडातील संवेदकांवर नको तसा दाब पडला की तो दुखत असल्याचे बोलून दाखवत असे, आणि काम करणाऱ्याचे कोपर छातीला टेकले तर त्याचीही नोंद घेत असे. २०१० मध्ये टोकियोतील शोवा विद्यापीठाने टेमझॅक कंपनीच्या साहाय्याने ‘शोवा हानाको’ आणली आणि पुढच्याच वर्षी तिची सुधारित आवृत्ती दाखवली. त्वचा आणि तोंड खरे वाटावे म्हणून या दुसऱ्या आवृत्तीसाठी प्रौढ आकाराच्या बाहुल्या बनवणाऱ्या कंपनीची मदत घेतली गेली, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्या एकाच गोष्टीवर मथळे रचले. हानाको डोळे मिचकावते, खोकते, जीभ हलवते आणि बराच वेळ तोंड उघडे ठेवावे लागले की तिचा जबडा थकल्यासारखा मिटू लागतो, या शिक्षकांच्या कामाच्या गोष्टी बातमीच्या तळाशी गेल्या. याच टेमझॅकने २०२० मध्ये साधारण ११० सेंटिमीटर उंचीचा ‘पेडिया रॉइड’ हा बालरुग्ण-रोबो पुढे आणला, जो खुर्चीत हातपाय झाडून उपचाराला विरोध करतो. मी पाहिलेले यंत्र यांपैकी कोणतेही नव्हते, परंतु त्याची घडण याच परंपरेतली होती.

खुर्चीत आडवी निजवलेली, मध्यम वयाची वाटावी अशी ही स्त्री-आकृती दुरून पाहिल्यास माणूस वाटते आणि जवळ गेल्यावर वाटेनाशी होते. गालाची सिलिकॉनची त्वचा बोटाने ओढली तर ताणली जाते, मात्र ओठांच्या कोपऱ्यात तिची शिवण दिसते. पापण्या अनियमित अंतराने मिटतात, आणि हा अनियमितपणा मुद्दाम ठेवलेला आहे हे कळल्यावर कारागिराचे कौतुक वाटते. जीभ मात्र या सगळ्या रचनेचा कळस म्हणावी लागेल. खालच्या दाढेपर्यंत पोहोचण्यासाठी विद्यार्थ्याने माउथ मिररने जीभ बाजूला सारली की ती काही क्षण तेथे राहते आणि मग हळूच परत येऊन आरशाला रेटा देते; ज्याने खऱ्या रुग्णाच्या डाव्या बाजूच्या खालच्या अक्कलदाढेवर काम केले आहे, त्याला ही चिवट जीभ लगेच ओळखू येईल. मृदू टाळूवर संवेदक आहेत. वरच्या जबड्याचे माप घेताना ट्रे थोडा जास्त मागे गेला तर घशातून उबळ येते, मान उचलली जाते आणि ट्रेमधला अल्जिनेट हा माप घेण्याचा लगदा घट्ट होण्याआधीच ट्रे हलतो. तोंडात लाळेसारखा द्रव झिरपत राहतो, त्यामुळे सक्शन धरणारा मदतनीस कामाचा आहे की नाही हेही लागलीच कळते. वर एक आणि बाजूला एक असे दोन कॅमेरे आहेत. रुग्णाला किती दुखावे, उबळ किती लवकर यावी, बोलावे की नाही हे शिक्षक हातातल्या टॅब्लेटवरून ठरवतो.

पहिल्या दिवशी विद्यार्थी हसत होते. यंत्राने हिंदीत “डॉक्टर, दर्द हो रहा है” म्हटले की शेजारच्या खुर्च्यांवरची मुले काम टाकून पाहायला येत. हे हसू ओसरल्याशिवाय यंत्राचा शैक्षणिक उपयोग सुरू होत नाही, हे प्रात्यक्षिकाला येणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने ध्यानात ठेवावे, कारण पहिल्या तासाच्या गमतीवरून केलेली खरेदी आणि पहिल्या तासाच्या टवाळीवरून दिलेला नकार, दोन्ही फसवे ठरतील.

ज्या गोष्टी फँटम हेडवर शिकवताच येत नाहीत, त्या येथे फार लवकर शिकवता आल्या. उजव्या हाताने काम करणारा विद्यार्थी नऊच्या जागेवर (रुग्णाचे डोके घड्याळातला बारा धरले तर नऊच्या दिशेला) बसून वरच्या डाव्या दाढेकडे झुकतो, तेव्हा त्याचे कोपर किंवा हाताचा पुढचा भाग रुग्णाच्या छातीवर टेकतो, आणि हे त्याच्या लक्षातही येत नाही. हात काढायला कोणी सांगितले तर तो काढतो आणि दोन मिनिटांनी पुन्हा टेकवतो. यंत्राने याची निमूटपणे नोंद घेतली आणि सत्र संपल्यावर किती वेळ हात टेकला होता ते पडद्यावर दाखवले. एरवी ही गोष्ट शिक्षक संकोचाने कानात सांगतो किंवा सांगतच नाही, आणि रुग्ण स्त्री तर मुळीच सांगत नाही. तीच गोष्ट येथे नोंदीच्या रूपाने समोर आल्यामुळे वर्गात तिच्याविषयी मोकळेपणाने बोलता आले. आमच्याकडे ओ.पी.डी.त येणाऱ्या स्त्रियांची संख्या पाहता केवळ एवढ्या एका कारणासाठीही मी या यंत्राला चांगले गुण देईन.

या यंत्राची खरी परीक्षा मात्र वेगळ्या ठिकाणी झाली आणि तिच्यामुळेच त्याच्याविषयीचे माझे मत पक्के झाले. जपानी मूळ कल्पनेतला रुग्ण दुखले की दुखते असे सांगतो. आपला रुग्ण सांगत नाही. औशाहून किंवा गेवराईहून सकाळच्या एस.टी.ने निघून, केसपेपर काढून, रांगेत तास-दीड तास थांबून जी आजी खुर्चीत येऊन बसते, ती आपल्यावर काम करणारा मुलगा शिकाऊ आहे हे पाहूनही त्याला डॉक्टर म्हणते आणि त्याचा मान राखण्यासाठी कळ सोसते. “आजी, दुखतंय का?” असे विचारले तर “न्हाई बाबा, कर तुजं,” हेच उत्तर येते, आणि त्याच वेळी तिने लुगड्याचा पदर मुठीत इतका आवळलेला असतो की बोटांची पेरे पांढरी पडतात. विद्यार्थ्याची नजर दाढेत असते, पदराकडे नसते. भूल पुरेशी चढलेली नसताना दात कोरला जाण्याचे प्रसंग आमच्याकडे घडतात ते बहुधा याच मौनामुळे, विद्यार्थ्याच्या निष्ठुरपणामुळे नव्हे.

म्हणून प्रात्यक्षिक घेणाऱ्या तरुणाला आम्ही यंत्राचा आवाज पूर्ण बंद करायला सांगितले. वेदनेची बाकीची चिन्हे त्याने चालू ठेवली : भुवया जवळ येणे, पापण्या घट्ट मिटणे, जीभ आत ओढली जाणे, उजव्या हाताची बोटे हळूहळू वळणे. ज्या विद्यार्थ्यांनी आवाज चालू असताना पहिल्याच “दर्द”ला पाय पेडलवरून उचलला होता, त्यांच्यातल्या बहुतेकांनी आता कोरणे चालूच ठेवले. एक मुलगी तर उत्तम खाचा पाडणारी, वर्गातल्या सर्वांत स्वच्छ हाताची. तिचे काम टायपोडोंटवर पाहून कोणीही पूर्ण गुण दिले असते. कॅमेऱ्यातील चित्रण पाहताना तिला स्वतःलाच दिसले की तिच्या आरशापासून वीतभर अंतरावर रुग्णाचे डोळे घट्ट मिटलेले आहेत आणि तिने एकदाही वर पाहिलेले नाही. तिला कोणी काही बोलले नाही. पुढच्या फेरीत तिने काम सुरू करण्याआधी रुग्णाला सांगितले, “मावशी, दुखलं तर डावा हात वर करा,” आणि मधूनमधून थांबून चेहऱ्याकडे पाहिले. हात वर करण्याची ही खूण प्रत्येक पाठ्यक्रमात शिकवली जाते, परंतु फँटम हेडला हातच नसल्यामुळे तिचा सराव कधी होत नाही.

माझ्या दृष्टीने या यंत्राचे मोल त्याच्या बोलण्यात नसून गप्प बसण्यात आहे. विक्रेत्याने मात्र आवाज बंद करण्याची सोय किरकोळ म्हणून माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात टाकली आहे आणि संभाषणाच्या सोयीला अख्खे पान दिले आहे. ते संभाषण तूर्त तरी बेताचेच आहे. ठरावीक प्रश्नांना ठरावीक उत्तरे मिळतात, “कधीपासून दुखतंय?” याचे उत्तर हिंदीत येते, पण “रात्री ठणका लागतो का, का नुसतं गार लागल्यावर कळ येते?” असे विचारले की यंत्र गोंधळते. दाढेच्या नसेपर्यंत कीड पोहोचली आहे की नाही याचा पहिला अंदाज याच प्रश्नावरून बांधायचा असतो, तेव्हा हा गोंधळ लहानसहान म्हणून सोडून देता येत नाही.

आता जेथे हे यंत्र मराठवाड्याचे नाही तेथे येऊ. त्याचे तोंड फार छान उघडते. निरोगी माणसाच्या तोंडात उभी तीन बोटे मावतात, आणि यंत्राच्या तोंडातही ती आरामात मावली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरीही सुपारी आणि गुटख्यामुळे गालाची आतली त्वचा पांढुरकी, दोरखंडासारखी ताठ झालेले विशी-तिशीतले तरुण आमच्या ओ.पी.डी.त सतत येतात. त्यांच्या तोंडात दोन बोटे मावणेही कठीण असते. अशा तोंडात मागच्या दाढेवर काम करायचे तर एअरोटरचे डोके, आरसा आणि सक्शनची नळी यांना एकाच वेळी जागाच मिळत नाही. कोणते साधन आधी काढायचे, लहान डोक्याचा एअरोटर केव्हा घ्यायचा आणि केव्हा आज काम न करता आधी तोंड उघडण्यावर उपचार करायचे, हा निर्णय शिकवावा लागतो. जबड्याची उघड मर्यादित करण्याची सोय या यंत्रात तांत्रिकदृष्ट्या सहज होऊ शकते, कारण थकव्याने जबडा मिटवणारी यंत्रणा आत आहेच. ती सोय शिक्षकाच्या हाती मात्र दिलेली नाही. मला ही या यंत्रातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

दातांविषयीही असेच म्हणावे लागेल. यंत्रातले दात टायपोडोंटसारखेच प्लॅस्टिकचे आहेत आणि बदलता येतात. नांदेड जिल्ह्यातील काही गावांत बोअरच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे तपकिरी डाग आणि खड्डे पडलेले दात सर्रास दिसतात; अशा दातावर आम्लाचा लेप एरवीपेक्षा जास्त वेळ ठेवल्याशिवाय कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे भरण, नीट धरत नाही. मिश्रीने काळे पडलेले दात आणि त्यांच्या मुळाशी साचलेले कठीण किटण यांचीही तीच गोष्ट. हे शिकवण्यासाठी काढलेले खरे दात प्लॅस्टरमध्ये बसवून सराव करण्याची आपली जुनी पद्धतच अधिक उपयोगी आहे, आणि रोबो घेतला म्हणून ती बंद करण्याचा विचार कोणी करू नये. हाताला लागणाऱ्या स्पर्शाचाच प्रश्न असेल, तर नेदरलँड्समध्ये विकसित झालेल्या सिमोडोंटसारखी पडद्यावर दात दाखवून हाताला त्याचा टणकपणा जाणवून देणारी यंत्रे त्या बाबतीत बरीच पुढे आहेत. पण त्यांच्यापुढे माणूस नसतो.

भुलीच्या इंजेक्शनाबाबतही निराशाच झाली. खालच्या जबड्याची नस बधिर करण्याचे इंजेक्शन हे विद्यार्थ्याच्या मनातले सर्वांत मोठे भय असते : सुई कोठे टोचायची, किती आत न्यायची, औषध सोडण्यापूर्वी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहायचे. या यंत्राच्या हिरडीत सुई घालण्याची परवानगी नाही. टोपण घातलेली सिरिंज योग्य जागी टेकवली की भूल दिली असे समजायचे. त्यामुळे ज्या क्षणी विद्यार्थ्याचा हात खरोखर थरथरतो, तो क्षण या यंत्रात गैरहजर आहे. मात्र सिरिंज रुग्णाच्या डोळ्यांसमोरून नेली की डोके मागे खेचले जाते, ही बारीक नोंद मला आवडली.

कोणत्याही गुणांपेक्षा चित्रण आणि त्यावरची चर्चा हाच या प्रशिक्षणाचा गाभा आहे, आणि ती चर्चा यंत्र घडवत नाही, शिक्षक घडवतो. पहिल्या दिवशी एका तुकडीचे चित्रण वेळेअभावी कोणी पाहिलेच नाही. त्या तुकडीला यंत्रापासून मनोरंजनापलीकडे काही मिळाले असे मला वाटले नाही. तासाभराच्या कामामागे जवळजवळ तितकाच वेळ पडद्यासमोर द्यावा लागतो. अध्यापकांची पदे रिकामी असलेल्या विभागात हा वेळ कोठून येणार, याचे उत्तर खरेदीच्या प्रस्तावात आधी लिहिलेले असावे.

देखभालीचा विषय रुक्ष आहे, पण परीक्षणात तो टाळता येत नाही. यंत्राच्या हालचाली हवेच्या दाबावर चालतात, म्हणजे कॉम्प्रेसर हवा, आणि वीज मध्येच गेली तर जबडा अर्धवट मिटून राहतो. प्रात्यक्षिकातही हे घडले आणि टायपोडोंट बाहेर काढताना ओठाच्या शिवणीला चीर पडली. आमच्याकडील बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने एअरोटरच्या नळ्या तुंबतात हे प्रत्येक दंतवैद्य जाणतो. यंत्राच्या लाळेच्या बारीक नळ्या त्याहून नाजूक आहेत, तेव्हा शुद्ध केलेल्या पाण्याशिवाय पर्याय नाही. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे रोबोच्या लाळेसाठी वेगळे पाणी मागणे काहींना चैन वाटेल, आणि त्यांना दोष देता येणार नाही. मे महिन्याच्या उन्हाळ्यात बंद खोलीत सिलिकॉनचे काय होईल, हे विक्रेत्याच्या माणसाला विचारले असता त्याने वातानुकूलित खोलीची अट दाखवली.

किंमत तोंडी सांगितली गेली आणि ती इतकी होती की त्या रकमेत फँटम हेडची एक अख्खी प्रयोगशाळा नव्याने उभी राहावी. ज्या महाविद्यालयात दोन विद्यार्थ्यांना मिळून एक फँटम हेड वापरावे लागते, त्याने या यंत्राचा विचारही करू नये. आधी प्रत्येक हाताला डोके मिळू द्यावे. ज्यांची ती सोय झाली आहे, त्यांनीही एकट्याने खरेदी करण्यात मला अर्थ दिसत नाही, कारण वर्षातले बरेच महिने यंत्र झाकूनच राहील. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड आणि परभणी या ठिकाणी दंत महाविद्यालये आहेत. त्यांनी मिळून एक यंत्र मध्यवर्ती जागी ठेवावे आणि दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर, तिसऱ्या वर्षाची क्लिनिकल पोस्टिंग सुरू होण्याआधी, प्रत्येक तुकडीला तेथे आठवडाभर पाठवावे. त्या आठवड्यात दात कोरण्याचे गुण देऊच नयेत. रुग्णाचा चेहरा किती वेळा पाहिला, हात कोठे टेकला, उबळ आल्यावर ट्रे कसा काढला, थांबायचे केव्हा ठरवले, एवढेच पाहावे.

खर्चाच्या विरोधात बोलणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. विद्यार्थ्याची पहिलीवहिली चूक आजही कोणाच्या ना कोणाच्या तोंडात घडतेच, आणि ते तोंड जवळजवळ नेहमी खासगी दवाखान्याचे पैसे न परवडणाऱ्या माणसाचे असते. त्यात सत्राअखेर केसेसचा कोटा पुरा करण्याची घाई मिसळली की थांबणे आणखी अवघड होते. या पहिल्या चुकांपैकी काही जरी सिलिकॉनच्या वाट्याला गेल्या तरी तो खर्च वाया गेला असे मी म्हणणार नाही.

माझा अभिप्राय असा की सध्याच्या रूपात हे यंत्र सामायिक वापरासाठी घेण्याजोगे आहे, पण अटींवर : रुग्णाची प्रश्नोत्तरे मराठीत असावीत आणि शिक्षकाला त्यात स्वतःचे प्रश्न घालता यावेत, जबड्याची उघड बोटांच्या मापाने कमी करता यावी, वेदनेची मूक चिन्हे स्वतंत्रपणे कमी-जास्त करता यावीत, आणि ओठ-गालाचे अस्तर भारतात साठ्यात असावे, ते बदलायला परदेशी माणसाची वाट पाहावी लागू नये. विक्रेत्याच्या प्रतिनिधीने मराठी आवाजाची अट लगेच मान्य केली, जबड्याच्या उघडीची आनंदाने टिपून घेतली, आणि अस्तराच्या साठ्याबद्दल “वर विचारून कळवतो” असे सांगितले. हे लिहीपर्यंत त्याने कळवलेले नाही.